सासऱ्याच्या कोटाचं बटण

डहाणूच्या एसटी स्टँडवर तलासरीची बस लागायची होती. माझ्या बाकावर पलटणींची जुनी बटणं जमवणारे मुंबईचे एक गृहस्थ भिंग घेऊन बसले होते. शेजारी शुक्रीबाई, मांडीवर सासऱ्याचा कोट.

“बटण तुटून हातात आलं म्हणून दाखवते, भाऊ. कोट द्यायचा नाही. सासरा लढाईत होता.”

“कुठल्या पलटणीत?”

“ते तुम्हीच सांगा. महालक्ष्मीच्या यात्रेला आमच्या घरचा माणूस हाच कोट घालतो. गाव त्याच्या मागून चालतं.”

“वर तुतारी आहे. मागची बाजू बघितलीत कधी?”

“शिवलेलं बटण मागून कोण बघतं?”

“बटण कुणाचं ते मागूनच कळतं. इथे गुजरातीत लिहिलंय, मोती ब्रास बॅण्ड, सुरत.”

“म्हणजे पलटणीचा बॅण्ड?”

“नाही बाई. लग्नाच्या वरातीतला.”

“असं कसं? तोफांच्या आवाजाने त्याचे कान गेलेले.”

“मोठा ढोल वाजवत असतील.”

“त्याच्यासोबत गेलेले दोघं परत आले नाहीत. हा एकटाच आला, अंगावर ओरखडा नाही. आम्ही देवीची कृपा म्हणायचो.”

“सासूबाई आहेत अजून?”

“आहे ना, घरीच असते.”

“मग त्यांना सांगू नका. या वयात धक्का बसेल.”

“तिला? गावात कुणाच्या लग्नात बॅण्ड सुरू झाला, की म्हातारी पदरात तोंड लपवते. खांदे नुसते हलत असतात. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, रडते.”