घरात एकही जनावर न्हाई

(लातूरचा एक दवाखाना. रेणापूरचे किराणा दुकानदार मल्लिनाथ पाच महिन्यांच्या तापानं बेजार, आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या, शिवम्माच्या, मोकळ्या तोंडानं त्याहून जास्त. समोर डॉक्टर ज्योत्स्ना.)

डॉक्टर : मग ताप नेमका येतो तरी कधी?

मल्लिनाथ : दिवे लागायच्या टायमाला.

शिवम्मा : रोज न्हाई हो, मॅडम. आठ दिवस येतो, मग दहा दिवस पत्ताच न्हाई. हे दुकान उघडतात, गिऱ्हाइकाशी हसून बोलतात. आम्ही म्हणावं गेलं एकदाचं, की हे पुन्हा गोधडीत!

मल्लिनाथ : गल्लीत म्हणतात, सोंग करतोय.

शिवम्मा : गल्लीत कशाला, तुमचा सख्खा भाऊच म्हणतो. सोंगाला असा घाम येतो का? बनियन पिळून काढते मी.

डॉक्टर : फाईल पाहिली. मलेरिया नाही. टायफॉइडची औषधं झाली. छातीचा फोटोही स्वच्छ आहे.

मल्लिनाथ : एक डॉक्टर म्हणले टीबी असंल. दुसरे म्हणले मणका सरकला. तिसऱ्यानं टॉनिक दिलं. कुणाचं खरं धरावं? बारा किलो उतरलो मी. मॅडम, लई भ्या वाटतंय. कॅन्सर असंल तर सांगून टाका, पोरीचं लग्न तरी उरकून घेतो.

डॉक्टर : थांबा, काका. घरी गाईम्हशी आहेत?

मल्लिनाथ : न्हाई.

डॉक्टर : शेळ्या?

शिवम्मा : मांजर बी न्हाई.

डॉक्टर : कच्चं दूध पिता?

मल्लिनाथ : पाकिटाचं येतं, ते बी उकळून. हे समद्यांनीच विचारलं की. लिवलंय बघा फाईलीत.

डॉक्टर : आणखी काही त्रास? लघवीला, पोटात?

मल्लिनाथ : शिवम्मा, जा, जरा बाहेर पाणी पिऊन ये.

शिवम्मा : मला तहान न्हाई. मॅडम, ह्यांना खाली एका बाजूला सूज आली होती. हे एवढी! चालता येईना. म्हणून तर मुरुडला जायचं ऱ्हायलं.

मल्लिनाथ : अगं, काय बोलावं, कुठं बोलावं!

डॉक्टर : बरं झालं बोलल्या. मुरुडला काय होतं?

मल्लिनाथ : काई न्हाई, सोडा ते.

शिवम्मा : एकाची म्हैस अडली होती. ह्यांच्या हाताला गुण हाय ना! रेडकू आडवं असो, उलटं असो, लांबलांबून बोलावणं येतं.

डॉक्टर : काका, तुम्ही म्हशी सोडवता?

मल्लिनाथ : तो धंदा न्हाई हो. वडलांनी शिकवलेलं. कोपरापातुर गोडेतेल लावायचं अन् हात घालायचा. पुण्याचं काम.

डॉक्टर : मग मघाशी नाही का म्हणालात?

मल्लिनाथ : तुम्ही विचारलं, घरी हायेत का. घरी न्हाईतच की!

डॉक्टर : ताप सुरू व्हायच्या आधीची शेवटची म्हैस आठवते?

मल्लिनाथ : गावातल्या सरजाबाईची. ती अडली नव्हती, गाभडली. मेलेलं रेडकू पडलं अन् वार अडकली. तासभर हात आत होता माझा. बोटाला चीर होती, झोंबलं लई.

शिवम्मा : तिच्या गोठ्यात लागोपाठ तीन गाभडल्या. ती म्हणती, नजर लागली.

डॉक्टर : नजर नव्हे, ब्रुसेलोसिस असणार. जनावरं त्यानं गाभडतात. वार, आतलं पाणी, ह्यातून माणसाला लागतो. ताप असाच येतो-जातो, कंबर धरते, सूजही त्यानंच येते. रक्त तपासू, पण मला तेच वाटतंय. कॅन्सरचं भूत आधी डोक्यातून काढा.

मल्लिनाथ : आता रडतीस कशाला, शिवम्मा? तू बोललीस ते बरंच झालं म्हणतायत त्या. माझंच डोकं चालंना. मुक्या जीवाचा आशीर्वाद लागतो, वडील म्हणायचे. असा लागतो व्हय?

डॉक्टर : सहा आठवडे गोळ्या. लघवी लालसर होईल, घाबरायचं नाही. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर ताप उलटतो. मणक्यात जातो, एखाद्याच्या हृदयात सुद्धा. पुऱ्या घेतल्या तर बहुतेक जण बरे होतात.

शिवम्मा : अन् म्हशीला परत हात लावायचा न्हाई, हे बी सांगा. माझं ऐकत न्हाईत.

डॉक्टर : उघडा हात तर मुळीच नाही. खांद्यापर्यंतचे हातमोजे मिळतात, जनावरांचे डॉक्टर घालतात ते.

मल्लिनाथ : मॅडम, मोजा घातल्यावर आतल्या रेडकाचा पाय पुढचा हाय का मागचा, हे बोटाला कळंल का हो?

डॉक्टर : मला नाही माहीत, काका.