पांढऱ्या साइटचा इलाज

१२ जून, गुरुवार. गोरेगाव, जि. हिंगोली. ढगाळ, उकाडा, वारा नाही. लेक कोमलचा वसतिगृहाचा अर्ज भरायला चार वाजता प्रभूच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. मुदत पाचची.

—न्हाई हो शेषरावदादा, लाइट कुठं गेली? चालूच हाय काँप्युटर! पडदा मीच काळा केला. काहून? डोळ्यांसाठी! पांढऱ्या पानाकडं दिवसभर पाहणं म्हंजे भर उन्हात पत्र्याकडं पाहणं. आधी काँप्युटरची सेटिंगच काळी केली — शहाणी साइट असली की आपसूक काळी होते. एखादीच्या कोपऱ्यात चंद्र असतो, तो दाबायचा. पण ह्या वसतिगृहाच्या साइटला कुठला चंद्र? मग ब्राउझरमधी प्रयोगाच्या नावाखाली एक बटन लपवलेलं हाय, ते हुडकलं. तरी कुठंमुठं पांढरं डोकावून राहिलं — म्हणून वरून एक्स्टेन्शन चढवलं. आता कोण्या साइटची टाप हाय? — हां, कोमलची सही. दिसून न्हाई राहिली? काळी शाई, काळं पान, असंल तिथंच! परवा बाबूसिंग फार्म भरायला आला, त्याच्याकडून सही चारदा करून घेतली, मागून कळलं पहिलीच चढली होती. — घाई नका करू, पोरीला रोज जीपला लटकत हिंगोलीला न्हाई जाऊ देणार मी. वसतिगृहाला पोरगी एकवीस वर्षांच्या आतली पाहिजे ना? कोमल अठराची, बसते बराबर. जन्मसाल… दोन हजार… सात… हे घ्या, पडलं. दिसतंय ना? न्हाई? काळ्यावर करडं तसंच दिसतं, सवय लागते.

डॉक्टर? जाऊन आलो ना वसमतला. म्हणे मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन करा. मी म्हणलं, साहेब, डोळा न्हाई पांढरा, साइट पांढरी हाय! — पण हे बाहेर बोलू नका बरं. गावाला कळलं तर सारे फार्म समोरच्या सेंटरवाल्या पुनमकडं जातील. तिच्याकडं सारं पांढरंफेक. — ही वाकडी अक्षरं तेवढी वाचा, त्याबिगर पुढं जात न्हाई. चुकलं? आली बघा नवी. वाचा… व्हय, हे घेतलं! — एकदा पाहून घेऊ म्हणता? पाचला दोन मिनिटं हायेत दादा! जमा केल्यावर दुरुस्ती न्हाई, खरंय, पण माझ्या हातच्या फार्मला दुरुस्ती लागती कशाला? — दाबलं! गेला! घ्या पावती. उठा आता, मागं लोक उभे हायेत.

अर्ज चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जमा झाला. पावती पांढऱ्या कागदावर निघाली. जन्मसाल २००१.