आबांची नानकटाई

नानकटाई म्हटलं की मला आमचे सासरे आठवतात बघा. आबा लोणी गावाला अंथरुणाला खिळले होते. आमच्या हिला निरोप आला, "आबांना नानकटाई खावीशी वाटतीय." हिनं घाईनं पीठ मळलं आणि आम्ही दोघं जुन्नरात रहीमचाचांच्या भट्टीवर गेलो. भट्टी जरा जास्तच तापली होती. नानकटाई वरून लाल झाली, पण आत कच्चीच राहिली.

ही म्हणाली, "असू द्या चाचा, यष्टी चुकंल."

"आजारी माणसाला कच्चं कसं देऊ, बेटी? दुपारच्या गाडीनं जा."

चाचांनी निखारे बाहेर ओढले आणि उरलेल्या धगीवर ती हळूहळू पुन्हा भाजली. लई खुसखुशीत झाली.

आम्ही लोणीला पोचलो, तर अंगणात माणसं जमलेली. आबा थोड्या वेळापूर्वीच गेले होते. डबा तसाच परत आला.

चाचांना कळलं तसे ते आमच्या घरी आले. दारातूनच म्हणाले, "कच्चीच दिली असती तर बापलेकीची भेट तरी झाली असती."

हिनं त्यांना आत बसवलं, एक नानकटाई मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

"खा चाचा. तुमी खाल्ल्याबिगर मला गिळायची न्हाई."