जयवंताच्या घोट्यातली खुंटी

दिनांक ११ मार्च १९८६, दुपारी ३-१० वाजता

मी, इंदुमती रुपराव गिरडकर, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहायक), राहणार नंदनवन, नागपूर, ठाण्यात समक्ष सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. माझ्यावर चोरीचा अर्ज आल्याचे कळले, म्हणून मी आपल्या पायांनी आले आहे.

सप्टेंबर १९८४ मध्ये कामठीच्या जयवंता कवडू बोंद्रे, काम यंत्रमागावर, या पाय घसरून पडल्या व त्यांच्या उजव्या घोट्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी त्यांना सर्व समजावून, त्यांची संमती घेऊन, स्टीलच्या स्क्रूऐवजी आमच्या प्रयोगशाळेतली खुंटी बसवली. ही खुंटी हाड जुळेपर्यंत धरते आणि मग अंगातच विरत जाते. ती दोन पदार्थांची असते. त्यांचे प्रमाण बदलले की ती कडक होते किंवा नरम, लवकर विरते किंवा उशिरा. घोट्याला चालेल असे प्रमाण सापडायला मला तीन वर्षे लागली. आधी काचेच्या बशीत तिच्यावर हाडाच्या पेशी वाढवून पाहिल्या, मग सशांच्या हाडात खुंटी बसवून पाहिली. जयवंताबाईंची खुंटी मी स्वतः ओतली.

दि. ३ मार्च रोजी सकाळी अकराच्या सुमारास जयवंताबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ मारोतराव, रिकामा डबा घेऊन आले. पूर्वी त्यांच्या मांडीतली स्टीलची पट्टी हाड जुळल्यावर काढून त्यांना परत मिळाली होती. ती ते घरी आल्यागेल्याला दाखवतात. भावजयीचा खिळा न्यायला ते आले होते. खुंटी विरली असे मी सांगितले. ते म्हणाले, "बाई, मले येडं समजून राहिल्या का? खिळा टाकला तं फोटोत काहून दिसत नाही?"

ही खुंटी क्ष-किरणात दिसतच नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच्या फोटोतही नुसते भोक आहे. तो आणि हाड जुळल्यानंतरचा, असे दोन्ही फोटो मी त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पाहिले नाहीत आणि खिळा मी लांबवला असा अर्ज दिला.

आता पाय पुन्हा उघडून खात्री करावी असे आपल्या ठाण्यातून सुचवण्यात आले आहे. याला माझा विरोध आहे आणि तो असाच लिहून घ्यावा. मला या गोष्टीचा संताप आला आहे, तोही लिहावा. जयवंताबाई काल मला म्हणाल्या, "आठ घंटे मागावर उभी राहून राहिली मी. पाय माहा हाय, भासऱ्यायचा नाही. मी चिरू देत नाही."

प्रत्येक ओतीत मी दोन खुंट्या करते. एक रुग्णाला जाते, दुसरी मिठाच्या पाण्यात, अंगाइतक्या उबेच्या पेटीत राहते. दर महिन्याला ती सुकवून तोलते. जयवंताबाईंच्या खुंटीची जोडीदार पहिल्या दिवशी ५१२ मिलिग्रॅम होती. आज सकाळी ८८ भरली. अंगातली याच चालीने, किंबहुना थोडी लवकरच, गेली असणार. ती बाटली, तारखांची वही आणि दोन्ही फोटो मी सोबत आणले आहेत.

माझी मागणी अशी की, समोरच्या सराफाला काट्यासह बोलावून पंचांसमक्ष खुंटी आजच तोलावी आणि पंचनाम्यात वजन लिहून बाटली सील करावी. कोर्टाची तारीख लागेपर्यंत आत नुसते पाणी उरेल. तेव्हा इंदुताईने पोलिसांना पाणी दिले असे कोणी म्हणू नये.

जयवंताबाई माझ्यासोबत आल्या आहेत. बाहेर बाक रिकामा आहे. त्या दीड तासापासून उभ्या आहेत. पुरावा पाहायचा असेल तर दारापर्यंत यावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "खुंटी गहाळ झाली" असे लिहिले होते. ते खोडून "खुंटी विरली" असे करून घेतले व तेथे सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.