उखाण्यातली तक्रार

लंडनहून कायदा शिकून आले ना, तेव्हा वाटायचं, पोलीस स्टेशनात खरं सांगितलं की झालं. चारकोपला भलतंच निघालं. शेजारच्या सुमनताईंचा ओठ नवऱ्यानं फोडला, म्हणून त्यांना घेऊन गेले.

इन्स्पेक्टर खेकसले, "कोणी मारलं? नाव सांगा."

ताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी."

"ह्यांना नाव नाही?"

मी नाव सांगितलं.

"मॅडम, मार तुम्ही खाल्लात? त्यांना बोलू द्या. लाजताय कशाला बाई, उखाण्यात घ्या."

सगळे हवालदार हसले. ताईंनी पदर सावरला आणि फुटक्या ओठांनी खरंच उखाणा घेतला.

"एवढा गोड उखाणा घेता, मग तक्रार कसली? जा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, कायदा नंतर. आधी सुमनताईंना ते नाव उखाण्याशिवाय घ्यायला शिकवायचं.