कातड्याच्या पिशवीतलं चीज

कोविडच्या दिवसांत परदेशातल्या हॅरिस पार्क उपनगरात टेस्टिंग क्लिनिकबाहेर रुचा रांगेत उभी होती. पुढे एक मराठी नवरा-बायको हुज्जत घालत होते.

"शेजारच्या अल्जीरियन फरीदाआंटी म्हणाल्या होत्या, बकरीच्या कातड्याच्या पिशवीत ताक मुरलं, की चीजचा वास घरभर सुटतो."

"आणि आपल्याला काहीच वास येत नाहीये, विक्रांत. म्हणून तर आलोय इथे."

"मयूरा, पिशवीत ताक ओतलंस ना तू?"

"मी? तू ओतणार होतास!"

"म्हणजे महिनाभर किचनमध्ये रिकामीच पिशवी टांगलीय? मग नो वरीज, चल घरी!"

"थांब. कातड्याचा तरी वास यायला नको?"

रांगेबाहेर पडलेली दोघं पुन्हा रांगेत शिरली. रुचाने मास्क नाकावर घट्ट दाबला आणि चार पावलं मागे सरकली.