अर्ध्या बोटीचा आकडा

छोट्या: नाही ताई, मी आत्ता आकडा ऐकणारच नाही. आधी पाण्यात चालवून दाखव. जुनी स्कूटर घेतानासुद्धा माणूस एक चक्कर मारतो.

ताई: बोट तुझ्याच बापाची आहे. लहानपणापासून बघतोयस.

छोट्या: बघणं वेगळं आणि पैसे मोजणं वेगळं.

आई: तुमचं काय ते ठरवा. मी इथेच धक्क्यावर उभी राहते.

ताई: अजिबात नाही. तू साक्षीला हवीस. नाहीतर उद्या हा म्हणेल, ताईने फसवलं.

आई: इतकी वर्षं या सवतीला पाय लावला नाही, आता म्हातारपणी कशाला?

छोट्या: सवत म्हणू नकोस गं. ऐकेल ती.

आई: ऐकू दे. तुमचे बाबा दर रविवारी नवा शर्ट घालून जायचे हिच्याकडे. मला बाजारात न्यायचं म्हटलं की गुडघे दुखायचे.

ताई: हात दे. हा पाय आधी. आता दुसरा. झालं. आली बघ.

आई: अगं, हलतेय ही.

ताई: पाण्यावर आहे, हलणारच. हे जॅकेट घाल.

आई: हा नारिंगी डगला? यात मी भोपळा दिसेन.

छोट्या: दिसतेसच. थांब, फोटो काढतो.

आई: कॅमेरा खाली ठेव. आणि ही होडी चालवणार कोण?

छोट्या: होडी नाही आई, क्रूझर. आत खोली आहे, झोपायला जागा आहे, शेगडी आहे.

ताई: मी चालवणार. रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून गाडी शिकवते, त्यामानाने हे सोपं आहे. इथे समोरून रिक्षा येत नाही. छोट्या, दोर सोड.

छोट्या: सोडला. इंजिनाचा आवाज ऐक. एका झटक्यात सुरू. बाबा गेल्यापासून वर्षभर कुणी हात लावला नव्हता.

ताई: मी लावत होते. दर महिन्याला येऊन सुरू करून बघत होते.

छोट्या: हे मला माहीत नव्हतं.

ताई: सगळंच तुला सांगायचं असं कुठे ठरलंय?

आई: मी जरा आत डोकावते. इथे धूर नाकात जातोय.

छोट्या: वाकून जा. दार ठेंगणं आहे.

आई: अगं बाई. इकडे या दोघं.

ताई: मी चाक सोडून कशी येऊ? तिथूनच सांग.

आई: केवढीशी जागा, आणि काय काय बसवलंय यात. हा बाक उचलला तर खाली मोरी. ही फळी ओढली तर टेबल. टेबलाच्या पोटात चमच्यांचा कप्पा. आणि प्रत्येक कप्प्याला कडी, हलल्यावर काही सांडू नये म्हणून. हे कुणी केलं?

ताई: बाबांनी. सगळं स्वतःच्या हातांनी.

आई: घरात कपाटाचं दार सहा महिने लोंबत होतं. मी सुतार बोलावला शेवटी.

छोट्या: आई, डोळे पुसतेस का?

आई: धूर आहे. कप एकच दिसतोय रे. बशीही एकच.

छोट्या: दुसरा असेल कुठेतरी.

आई: नाही. सगळं उघडून पाहिलं. माझा फोटो नाही, माझ्यासाठी काही नाही. उशीसुद्धा एकच.

ताई: वाईट वाटलं?

आई: नाही गं. मला वाटायचं, इथे येऊन माझी आठवण काढत बसत असतील, किंवा माझ्यावर वैतागून येत असतील. दोन्ही नाही. माणूस नुसता इथे यायचा. बाहेर सरक, मला वर येऊ दे.

छोट्या: सावकाश. इथे बस. तर मग ताई, नियम पुन्हा एकदा सांग, आईच्या कानावर जाऊ दे.

ताई: बाबांनी बोट आम्हा दोघांच्या नावावर ठेवली, अर्धी अर्धी. अर्ध्या भागाचा आकडा मी बोलणार. मग छोट्याने ठरवायचं, तेवढे पैसे मला देऊन बोट घ्यायची, की माझ्याकडून तेवढे घेऊन बोट सोडायची. दोन्हीतलं जे पटेल ते. नंतर तोंड वाकडं करायचं नाही.

आई: हे केक कापण्यासारखं झालं. एकाने कापायचा, दुसऱ्याने उचलायचा.

ताई: बाबांचीच पद्धत. पण केक कापणं सोपं होतं. आकडा कमी बोलले तर हा झटकन घेईल आणि वर पांढरे पडदे लावेल.

छोट्या: लावणारच. लग्न ठरलेली पोरं फोटो काढायला किती पैसे मोजतात, ठाऊक आहे? फुलं लावून, टोकावर उभं राहून. वर्षात वसूल.

ताई: बघितलंस? आणि जास्त बोलले तर मलाच भरावे लागतील, आणि शिकवायची दुसरी गाडी राहील. जुनीचा क्लच गेलाय. आठवडाभर झोप नाही मला.

आई: तुला का हवीय ही?

ताई: आहे तशी राहावी म्हणून. एवढंच.

आई: दोघं ठार वेडे आहात. किती लांब आलो आपण? ते धक्क्यावरचं घर दिसत नाही.

छोट्या: खाडी संपली, आई. हे मोकळं पाणी.

आई: ते इंजिन जरा बंद करता येतं का? डोकं भणभणलंय.

ताई: येतं. वारा नाही, जागेवरच राहू. हं, केलं बंद.

आई: अगं.

छोट्या: काय झालं? मळमळतंय?

आई: गप्प बस. बोलू नकोस.

(आई कठड्याला धरून उभी राहते आणि चारी बाजूंना बघते.)

आई: काठच नाही कुठे.

ताई: धुकं आहे. तासाभरात दिसेल.

आई: नको दिसायला. पाणी कुठे संपतं आणि वर आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नाही. मी कान दाबले होते की काय असं वाटतंय. आपल्या घरात कधी इतकं शांत झालंय?

छोट्या: मी झोपलेला असताना.

आई: तू घोरतोस. ए, हे खाली काय आहे? पाण्यात. पांढरं.

ताई: प्लास्टिकची पिशवी असेल.

आई: पिशवी श्वास घेते का? बघ, फुगली. मिटली. पुन्हा फुगली. आणि ही दुसरी. आणि तिकडे. अरे, किती आहेत.

छोट्या: जेलीफिश. बाप रे. ताई, इकडे ये. खालपर्यंत आहेत. शेकडो.

ताई: शेकडो काय, मोजता येणार नाहीत. एवढ्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. आई, हात घालू नकोस, चावतात.

आई: नाही घालत. यांना डोळे आहेत?

ताई: आपल्यासारखे नाहीत. डोकं नाही, हाडं नाहीत. सगळं पाणीच म्हणे, वरून नुसती साय धरल्यासारखं.

आई: आणि तरी चालल्यात. सगळ्या एकीकडेच. कुणी धक्का मारत नाही, कुणी थांबत नाही. आपल्या खालून चालल्यात आणि आपण वर बसून पैशांचं बोलतोय. लाज वाटते रे मला.

छोट्या: माझ्या अंगावर काटा आलाय, हात लावून बघ.

आई: तू फोटो नाही काढलास.

छोट्या: काय काढू? यात येणारच नाही हे.

आई: रविवारी रात्री जेवताना हे मधेच हसायचे. एकटेच. मी विचारायचे, काय झालं? म्हणायचे, काही नाही. मला राग यायचा, भात तसाच टाकून उठायचे. हे होतं होय ते.

ताई: बाबा किती वेळा म्हणाले, एकदा ये.

आई: ये म्हणाले. असं असतं, ते नाही म्हणाले. आणि ते सांगणार तरी कसं होते? मी आता शेजारणीला काय सांगणार आहे?

छोट्या: ताई, आकडा सांगून टाक.

ताई: दोन लाख. माझ्याकडे आहेत ते सगळे. बोल, घेतोस की सोडतोस?

छोट्या: मला नाही सांगता येत. याचे दोन लाख कसे? याचे पैसे कोण लावणार?

आई: पाण्याचे नको लावूस, बोटीचे लाव. पाणी फुकट आहे. दोघंही बाजूला व्हा, मी घेते.

ताई: काय?

आई: दोघांना दोन दोन म्हणजे चार झाले. चार देणार नाही. त्या गादीला भोक आहे, कठड्याला गंज चढलाय, आणि मोरीचा नळ गळतोय, मी पाहिलाय. दोघांना मिळून तीन.

छोट्या: आई, तुझ्याकडून पैसे कुठले घ्यायचे? चालव तशीच.

आई: तशीच घेतली तर उद्या म्हणाल, आईला करमत नव्हतं म्हणून दिली खेळायला. गच्चीवर खोली बांधायची म्हणून साठवलेत. कुणासाठी बांधू आता? तुम्ही दोघं गेलात आपापल्या घरी, हेही गेले. ताई मला चालवायला शिकवेल, आणि तिला गाडी घेता येईल. तू पडद्यांचा धंदा दुसरीकडे कर.

ताई: आई, हे सगळं ठीक आहे. पण तुला पोहता येत नाही.

आई: तुझ्या बाबांनाही येत नव्हतं.

छोट्या: काहीतरीच काय.

आई: कधी पाण्यात उतरलेले पाहिलेस त्यांना? जॅकेट अंगात न घालता उशाला घ्यायचे, तुम्हीच सांगायचात. तुम्हा दोघांना मी फरफटत पोहायला नेत होते ते का? पोहता आल्याशिवाय या बोटीवर पाय ठेवू दिला नाही, आठवतं?

ताई: आणि तरी तू त्यांना दर रविवारी येऊ दिलंस.

आई: अडवलं असतं तर थांबले असते. म्हणून नाही अडवलं. संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत घास उतरायचा नाही घशाखाली. आणि ते आले की मी तोंड फुगवून बसायचे, त्यांना कळू नये म्हणून.

छोट्या: मग तूही का नाही आलीस? एकदाही? आम्हाला वाटायचं, तुला बोटीचा राग आहे.

आई: त्यांना पोहता येत नाही, मला येत नाही, आणि घरात दोन लहान पोरं. एकाने तरी काठावर राहायला नको?

छोट्या: ताई.

ताई: हं.

छोट्या: तीन धर.

ताई: धरलेत. आई, उठ, इकडे ये माझ्या जागेवर. चाक हातात घे. नाही, इतकं घट्ट नको.